प्लॉट चौदा, गट शहाण्णव

संभाजीनगरला मी लेणी बघायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. आठवडाभर राहिले आणि एकही लेणं पाहिलं नाही. मी गेले होते एका माणसाचं घर शोधायला. ते सापडलं, मी त्याचा फोटोही काढला, आणि ते सापडलं नसतं तर फार बरं झालं असतं असं आता वाटतं. परत येऊन तीन आठवडे झाले तरी त्या घराची निळी भिंत डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

माझं काम जरा समजावून सांगावं लागेल. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी पत्ते साफ करते. लोक आपापल्या रीतीनं पत्ता लिहितात, आमचा प्रोग्रॅम तो वाचतो आणि नकाशावर एक ठिपका ठेवतो. धंद्याच्या भाषेत याला जिओकोडिंग म्हणतात. पत्ता धड असेल तर ठिपका घराच्या दारात पडतो. पत्ता अर्धवट असला तरी प्रोग्रॅम काही हात वर करत नाही, तो अंदाजपंचे कुठेतरी ठिपका ठेवून मोकळा होतो. आणि पाहणाऱ्याला दोन्ही ठिपके सारखेच दिसतात.

संभाजीनगरची एक संस्था किडनीच्या रुग्णांना घरून डायलिसिसला नेते आणि परत आणून सोडते, तेही फुकट. गाड्या त्यांच्या, ठिपके आमचे. महिन्याभरापूर्वी साठलेल्या तक्रारी चाळताना मला एक तक्रार दिसली. ती चार महिने तशीच पडून होती. "माझ्या वडिलांना न्यायला गाडी येत नाही, दुसऱ्याच्याच घरी जाते. आमचा पत्ता प्लॉट नं. १४, गट नं. ९६ असा आहे. कृपया बघावे. मनीषा साळवे." मी आमच्याकडची नोंद उघडली. तिथे नुसतंच 'प्लॉट १४' होतं. गट नंबर कुणी काढला? मीच.

झालं होतं असं. पुण्यात सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर लिहिला की काम भागतं. पण लोक त्याच्या शेपटीला जमिनीचा जुना गट नंबरही लावतात आणि आमचा प्रोग्रॅम त्या आकड्याला घर नंबर समजून भलतीकडे जातो. म्हणून मी नियम लिहिला होता: 'गट नं.' आणि पुढचा आकडा दिसला की काढून टाका. पुण्याचे ठिपके एकदम सुधारले. साहेबांनी पेढे वाटले. मग तोच नियम आम्ही सगळ्या महाराष्ट्राला लावला, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवार, उस्मानपुरा

उतरले मावसबहिणीकडे. शुभदाताई बँकेतून निवृत्त झाली आहे आणि तिचा पत्ता गेली तीस वर्षं एकच आहे: "उस्मानपुऱ्यात ये आणि फोन कर." मी माझ्या धंद्याला जागून घर नंबर मागितला तर म्हणाली, "नंबर आहे गं, पण तो कुणाला माहीत असतो?" मी फोन केला. ती गाऊनवर ओढणी घेऊन चौकापर्यंत आली आणि माझी बॅग हिसकावून घेतली.

पुण्यात पत्ता विचारणं म्हणजे तोंडी परीक्षेला बसणं. सांगणारा सांगतो अगदी अचूक, पण आपली लायकी काढून. इथे रिक्षावाल्यानं चार जणांना विचारलं, चौघांनी चार दिशा दाखवल्या, आणि पाचवा सरळ रिक्षात बसून सोबत आला. मला ते फार आवडलं. असल्या गावात पत्ता नीट लिहायची सवय कशाला लागेल, हे मात्र मनात आलं.

रात्रीच्या जेवणाला भाकरी, वांग्याचं भरीत आणि नाकातोंडातून पाणी काढणारा ठेचा होता. मी साळव्यांची गोष्ट सांगितली. ताई म्हणाली, "मग तू काय करणार?" म्हटलं, त्यांच्या दारात उभी राहून ठिपका लावणार, माझ्या हातानं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी पुण्याहून आलीस?" मला जरा अभिमानच वाटला.

सोमवार, संस्थेत

संस्थेचं कार्यालय म्हणजे दोन खोल्या, एक कूलर आणि कुलकर्णी सर. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. सगळा कारभार तेच बघतात, पगाराशिवाय. त्यांनी अर्जांचा गठ्ठा पुढे ठेवला आणि मी डोक्याला हात लावला. कुणी शहराचं जुनं नाव लिहिलं होतं, कुणी नवं, कुणी भांडण नको म्हणून दोन्ही. आमच्या प्रोग्रॅमनं ती दोन वेगळी शहरं धरली होती. कुणाचा पत्ता 'पाण्याच्या टाकीमागे', आणि टाकी पाडून वर्ष झालेलं. एका अर्जावर पत्त्याच्या रकान्यात फक्त 'सरांना माहीत आहे' असं होतं.

"कोणत्या सरांना?" मी विचारलं.

"मला," कुलकर्णी सर म्हणाले. "खरंच माहीत आहे."

साळव्यांच्या नावापुढे दोन लाल खुणा होत्या. गाडी ठिपक्यावर गेली आणि रुग्ण सापडला नाही की एक खूण. तीन खुणा झाल्या की गाडीतली जागा आपोआप प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या रुग्णाला जाते. नियम कडक वाटेल, पण गाडीत खुर्च्या मोजक्या आणि यादी लांब. शिवाय गाडी ठिपक्याजवळ पोचल्याशिवाय ड्रायव्हरच्या फोनवर 'पोचलो' हे बटण उमटतच नाही, म्हणून तो बिचाराही शोधत फिरू शकत नाही.

"आता काय करतात साळवे?" मी विचारलं.

"आता काही तक्रार नाही बुवा. ते स्वतःच ठिपक्यापाशी येऊन थांबतात म्हणे. गाडी वेळेवर भरते."

म्हणजे सुजलेल्या पायांनी, आठवड्यातून तीनदा, तो माणूस माझ्या चुकीपर्यंत चालत जात होता. मंगळवारचा दिवस मी कसाबसा कागदांत घालवला.

बुधवार, पैठण रोड

चितेगावच्या बाजूला पैठण रोडनं जाताना दोन्हीकडे कंपन्यांच्या भिंती लागतात, मध्येच कपाशीचं एखादं रान, पुन्हा भिंत. कंटेनर, धूळ आणि बाभळी. चितेगावच्या अलीकडे रस्ता सोडून आत वळलं की वस्त्या सुरू होतात. ही सगळी गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली घरं. शेत ज्याचं त्याचं, म्हणून गट नंबर वेगळा. आणि प्रत्येक शेतकऱ्यानं आपल्या शेतातले प्लॉट एकपासून मोजलेले! त्या एका पट्ट्यात प्लॉट चौदा मला नऊ ठिकाणी भेटला. आमच्या प्रोग्रॅमनं त्यातला पहिला दिसला तो उचलला होता, गट एक्केचाळीसमधला, नाल्याच्या पलीकडचा.

इथल्या लोकांना हे पक्कं ठाऊक आहे. इथे कुणी प्लॉट नंबर आधी सांगतच नाही, आधी गट सांगतो. "कुठं ऱ्हाता?" तर "शहाण्णवात." टपरीवर चहा पिताना एकानं मला विचारलं, "तुमचा गट कोणता?" मी म्हटलं, मी पुण्याची. तर म्हणाला, "व्हय, पण गट?"

शहाण्णवात शिरले आणि घर लांबूनच दिसलं. पक्कं घर, समोर शेवगा, दारावर बुद्धाची टाइल. आणि निळ्या भिंतीवर हातभर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत: साळवे, प्लॉट नं. १४, गट नं. ९६. अक्षरं रेघा मारून काढलेली. गाडीवाल्याला दिसावं म्हणून आजारी माणसानं स्वतः रंगवली असणार.

दाराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर एक बाई डाळ निवडत बसल्या होत्या.

"साळव्यांचं घर हेच ना?" मी विचारलं.

"व्हय व्हय, त्येंचंच. लई कष्टानं बांधलं बघा. कंपनीत व्हते की ते, चितेगावला."

"कुलूप आहे."

"आज बुधवार नाय का? दवाखान्यात गेले असतील. तुम्ही बसा, चहा टाकते."

चहा घेतल्याशिवाय त्यांनी उठू दिलं नाही. मग मी साळव्यांच्या पायरीवर उभी राहिले, फोन स्थिर धरला आणि ठिपका लावला. अगदी उंबऱ्यावर. पुण्याला फोन करून तो गट नंबर काढायचा नियमही बंद करायला लावला. भिंतीचा फोटो काढून शुभदाताईला पाठवला. परतताना मी रिक्षात चक्क गुणगुणत होते, हे आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

गुरुवार, खुलताबाद

शुक्रवारी साळव्यांना भेटायचं ठरवलं होतं, म्हणून मधला दिवस खुलताबादच्या गाडीत बसले. ड्रायव्हर शफीकभाई, पन्नाशीचे, संस्थेत सुरुवातीपासून. आधी पैठण रोडची गाडीही तेच चालवायचे, आता तिकडे नवा माणूस आला आहे.

घाट चढला की हवा बदलते. डोंगरावर तटबंदीच्या आत ते लहानसं गाव, दर्गे, फुलांची नि चादरींची दुकानं, भिंतीला टेकून ऊन खात बसलेली माणसं. आमचे दोन रुग्ण तिथले. दोघांचेही ठिपके दर्ग्याच्या दरवाजावर एकावर एक पडले होते, कारण दोघांनीही पत्त्यात 'दर्ग्याजवळ' लिहिलेलं. शफीकभाईंनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. दरवाजाशी थांबून बटण दाबलं, मग गल्लीतून गाडी मागे घेत थेट अंगणात नेली.

"ये बटन को सलाम करना पडता," ते म्हणाले. "उसके बाद काम अपनी मर्जी से."

परतताना त्यांनी घाटात सीताफळं घेतली आणि किडनीच्या रुग्णांना ती वर्ज्य, त्यांच्यासमोर नको म्हणून डिकीत लपवली. दुपारी मला शहरात नान-खलिया खायला घातलं. मोठ्या देगेतला तो पिवळसर तिखट रस्सा आणि मऊ नान. माझ्या पुणेरी जिभेनं दुसऱ्या घासाला शरणागती पत्करली, तरी बोटं चाटून संपवलं.

तिथे त्यांनी विचारलं, "साळवे साहब मिले क्या?"

"घर सापडलं. ठिपका लावला."

"घर नाय मॅडम. साळवे साहब?"

"ते दवाखान्यात गेले होते."

"मिलके आना था," ते म्हणाले, आणि नानचा दुसरा तुकडा माझ्या ताटात ठेवला. त्या वेळी मला ते नुसतं अगत्य वाटलं. त्यांनाही नक्की काही माहीत नव्हतं, त्यांचा मार्ग बदलून चार महिने झाले होते. पण त्यांनी माणसाची चौकशी केली होती आणि मी घराची.

शुक्रवार

सकाळी अकराला संस्थेत गेले तर कुलकर्णी सर फोनवर होते. फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"साळव्यांची तिसरी खूण पडली."

"कशी पडेल? ठिपका त्यांच्या दारात आहे!"

"गाडी दारातच गेली होती. दाराला कुलूप. अर्जावर नंबर मुलीचा, मनीषाचा. ड्रायव्हरनं तिला फोन लावला, पण ती कंपनीत, तिथं फोन गेटवर जमा करतात. ठरलेली वीस मिनिटं थांबला आणि पुढच्या रुग्णाकडे गेला. नंतर साळव्यांचा मला फोन, म्हणे आम्ही सकाळपासून दारातच बसलोय."

दारात, पण कोणत्या? जुन्या ठिपक्याच्याच असणार. रिक्षा केली आणि नाल्यापलीकडे गेले, गट एक्केचाळीस, प्लॉट चौदा. पुढे घरमालकीण राहते. मागे पत्र्याची एक खोली. खोलीपुढे प्लास्टिकच्या खुर्चीत एक सावळे, ताठ बसलेले गृहस्थ. धुतलेला शर्ट, मांडीवर पिशवी, पिशवीत चादर. पाय टम्म सुजलेले. शेजारी जमिनीवर त्यांची बायको, सुलोचनाबाई.

मी नाव सांगितलं. म्हटलं, मी पुण्याहून आले आहे, ठिपक्यांचं काम करते.

"जय भीम, या," साळवे म्हणाले, आणि खुर्चीतून उठायला लागले. मी त्यांना कसंबसं बसवलं.

मग कळलं ते सगळं. पहिल्या दोन खुणा पडल्यावर ते खरंच या ठिपक्यापर्यंत चालत यायचे. मग पाय सुजले, नाला ओलांडवेना. तक्रार केली, उत्तर आलं नाही. तिसरी खूण पडली की जागा जाणार. शेवटी तीन महिन्यांपूर्वी नवरा-बायकोनं निर्णय घेतला: गाडी आपल्या घरी येत नाही ना, तर गाडी येते तिथं आपण राहू. स्वतःच्या पक्क्या घराला कुलूप लावलं आणि या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं आले. संस्थेला कळवलं नाही, कारण पत्ता बदलला की अर्ज नव्यानं करावा लागतो आणि नाव यादीत तळाला जातं. शेजारणींनाही सांगितलं नव्हतं, दवाखान्याच्या सोयीनं येत-जात असतो म्हणून सांगत. दर रविवारी सुलोचनाबाई जाऊन घर झाडायच्या आणि शेवग्याला पाणी घालायच्या.

तीन महिने एकही डायलिसिस चुकलं नव्हतं. मी बुधवारी दुपारी ठिपका दुरुस्त केला आणि शुक्रवारी सकाळी चुकलं.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "आधीही माझीच होती आणि आताही माझीच."

"नाय बाई," साळवे म्हणाले. "तुम्ही बराबर केलं. कागदावर जे हाय तेच केलं. आम्हीच घर सोडून आलो."

याच्यापेक्षा त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मी तिथूनच कुलकर्णी सरांना फोन लावला. ओरडलेच त्यांच्यावर. ती खूण पुसा, तो माझा दोष आहे, मी लिहून देते.

सर शांतपणे म्हणाले, "पुढच्या रुग्णाला सकाळीच निरोप गेला हो. चितेगावची मुलगी आहे, लग्न होऊन दोन वर्षं नाही झाली. ती दीड वर्ष थांबली होती. आज पहिल्यांदा गाडीत बसली. खुर्ची एकच आहे. तिला काय सांगू ते तुम्ही मला सांगा."

मी फोन ठेवला.

साळव्यांना धरून रिक्षात बसवलं. दवाखान्यापर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला ते डोळे मिटून घेत होते. तिथे त्यांची वेळ केव्हाच टळली होती. सिस्टरनं त्यांचे पाय दाबून पाहिले, बोट रुतलं तिथे खळगा तसाच राहिला. तिनं मान हलवली आणि म्हणाली, संध्याकाळी एक मशीन मोकळं झालं तर बघते, आता बसा. कॉरिडॉरमधल्या बाकावर आम्ही तिघं बसलो. साळवे भिंतीला डोकं टेकून पडून राहिले, श्वास जड येत होता. मी मनातल्या मनात पुढचे दिवस मोजत होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी नाला, खड्डे, रिक्षा, आणि मी तर रविवारी पुण्याला परतणार होते. नवा अर्ज मी तिथेच बसून भरला, खरा पत्ता, खरा गट. नाव यादीत अगदी शेवटी गेलं.

सुलोचनाबाई बराच वेळ माझ्या फोनकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "त्यो ठिपका आता कुठं हाय?"

मी नकाशा मोठा करून दाखवला. म्हटलं, तुमच्या घरावर, मावशी. अगदी उंबऱ्यावर.

त्यांनी नीट पाहिलं. नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पुढच्या टायमाला कुठं ठेवणार ते आधी सांगा. म्हंजी आम्ही आत्ताच तिथं ऱ्हायला जातो."

तो टोमणा नव्हता. त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.